बिल साहेबांचं बोट

कंट्रोल आणि ए एकदम दाबलं की काय होतं? सेवा केंद्रावरच्या पोराला विचारा, तो म्हणेल सगळा मजकूर सिलेक्ट होतो. कृषी केंद्रातल्या मुनीमजींना विचारा, ते म्हणतील एंट्री सेव्ह होते. दोघंही खरं बोलतात. पोरगा वर्डमध्ये वाढला, मुनीमजींचं आयुष्य टॅलीत गेलं, आणि टॅलीत कंट्रोल-ए म्हणजे 'ॲक्सेप्ट'. भानगड होते ती मुनीमजी वर्डमध्ये अर्ज टाइप करायला बसतात त्या दिवशी.

पानभर अर्ज होतो. खाली 'आपला विश्वासू' येतो. आता काम झालं म्हणून बोटं आपली आपण कंट्रोल-ए दाबतात आणि पुढच्या व्हाउचरसाठी एंटर मारतात. पहिल्या दाबाला अख्खं पान करडं पडतं, दुसऱ्या दाबाला कोरं होतं.

"सारं गेलं ना बाप्पा!"

"कुठी नाही गेलं काका. कंट्रोल-झेड दाबा."

"ते अजून काय असते?"

मुनीमजींचं चुकलं कुठे? हिशेबाच्या माणसाने चुकलेलं व्हाउचर पुन्हा उघडून दुरुस्त करायचं असतं. झालेली गोष्ट झालीच नाही असं दाखवणारं बटण त्याच्या धंद्यात असणं बरंही नाही. चूक असलीच तर ती एकाच बटणाला दोन अर्थ देऊन मोकळं झालेल्यांची, आणि ते लोक केनवडला येत नाहीत.

केनवड रिसोड तालुक्यात, वाशिम जिल्ह्यात. अशा गावांत संगणक म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि एक 'ऑपरेटर'. शहरात अकाउंटंटला टॅली पुरते, डिझायनरला फोटोशॉप पुरतं, साहेबांना तर फक्त 'प्रिंट काढून आणा' एवढंच पुरतं. इथला ऑपरेटर सकाळी ब्राउजरमध्ये पीक विम्याचा फॉर्म भरतो, मधेच सातबारा काढून देतो, वर्डमध्ये प्रतिज्ञापत्र टाइप करतो, ग्रामपंचायतीची यादी एक्सेलमध्ये चढवतो, कुणाचा पासपोर्ट फोटो फोटोशॉपमध्ये कापतो, दुपारी शेजारच्या दुकानाची बिलं टॅलीत टाकतो आणि संध्याकाळी भावी जिल्हा परिषद सदस्याच्या वाढदिवसाचा बॅनर कोरल ड्रॉमध्ये लावतो. खुर्ची तीच, कीबोर्ड तोच, बोटंही तीच. बटणांचे अर्थ मात्र खिडकीगणिक बदलतात.

ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा घ्या, क्लच डाव्या पायाखाली आणि ब्रेक उजव्या. लाल ट्रॅक्टरवरून उतरून हिरव्यावर बसलेल्या माणसाने ब्रेक समजून क्लच दाबला असं होत नाही. झालं असतं तर पहिल्याच हंगामात लोकांनी शोरूमसमोर ठिय्या दिला असता. संगणकावर हे रोज होतं आणि आपण म्हणतो, "माह्यंच काही चुकलं असंल."

सगळ्यात गरीब वाटणारं बटण एंटर. त्याच्या लीला बघा. टॅलीत एंटर मारला की पुढच्या रकान्यात जातो. पार्टीचं नाव, एंटर, माल, एंटर, नग, एंटर, भाव, एंटर. मुरलेल्या टॅलीवाल्याचा उंदीर दिवसभर उपाशी बसलेला असतो. हाच माणूस ऑनलाइन फॉर्मवर बसला की नाव टाइप करतो, सवयीने एंटर मारतो आणि फॉर्म सबमिट. मग लाल अक्षरांत बारा सूचना येतात. पुढच्या रकान्यात जायला तिथे टॅब लागतो, हे त्याला कुणी सांगायचं? वर्डमध्ये एंटर म्हणजे नवा परिच्छेद. एक्सेलमध्ये एंटर म्हणजे खालचा सेल. त्याच सेलमध्ये दुसरी ओळ हवी असेल तर ऑल्ट-एंटर. फुकटचं लिबर ऑफिस वापरत असाल तर तिथे त्यालाच कंट्रोल-एंटर. एक्सेलमध्ये कंट्रोल-एंटर मारलात तर निवडलेल्या सगळ्या सेलांत एकच मजकूर भरला जातो, आणि लाभार्थ्यांच्या यादीत चाळीस ठिकाणी एकाच भाग्यवंताचं नाव झळकतं. (काही याद्यांत ते टाइपिंगची चूक न होताही झळकतं, पण तो विषय वेगळा.) जीमेलवर कंट्रोल-एंटर मारला की मेल गेला. व्हॉट्सॲप संगणकावर उघडलं तर नुसत्या एंटरनेच निरोप जातो, नव्या ओळीला शिफ्ट-एंटर. म्हणून सरपंचांना सकाळी सकाळी 'माननीय सरपंच साहेब' एवढाच निरोप पोचतो, आणि साहेब दिवसभर विचार करत बसतात की याचं काम काय होतं.

एफ ५ चं प्रकरण याहून वाईट. टॅलीत एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ म्हणजे रिसीट, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. तालुक्याच्या गावात टॅलीच्या क्लासला हे पाढ्यासारखं घोकून घेतात. ब्राउजरमध्ये एफ ५ म्हणजे पान ताजं करणं. ताजं म्हणजे इतकं ताजं की आधार क्रमांक, गट क्रमांक, पेऱ्याचं क्षेत्र, बँकेचं नाव, भरलेलं सगळं धुऊन निघतं. सर्व्हर हळू, शेतकरी खोळंबलेला, रांग दाराबाहेर. अशा वेळी अधीर बोटाने एफ ५ दाबलं की रांग जागची हलत नाही.

तसाच बॅकस्पेस. लिहिलेलं एक अक्षर मागे खोडायचं बटण, एवढं लहान मुलालाही कळतं. पण वर्षानुवर्षं ब्राउजरमध्ये कर्सर रकान्याच्या बाहेर असताना ते दाबलं की अख्खं पान मागे जायचं आणि भरलेला फॉर्म सोबत घेऊन जायचं. गूगलने क्रोममधून ही खोड २०१६ साली काढली. तोपर्यंत जगभर किती फॉर्म वाहून गेले असतील याची मोजदाद नाही. खोड काढल्यावर काही लोकांनी उलट तक्रार केली की आमची मागे जायची सवय मोडली. त्यांनाही मी दोष देणार नाही. ते पुढे येईलच.

आता बॅनर. कोरल ड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू हे बटण पवित्र आहे. फ्लेक्स छापायला फाइल वाशिमला किंवा अकोल्याला जाते, आणि तिथल्या मशीनवर आपला मराठी फॉन्ट नसला की 'हार्दिक शुभेच्छा' मधला रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. म्हणून पाठवण्याआधी सगळ्या अक्षरांचं कर्व्ह करतात. म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. डिझायनर फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, "कर्व्ह केलं का?" कर्व्ह करायचं बटण कंट्रोल-क्यू. हेच बटण फोटोशॉपमध्ये आणि पेजमेकरमध्ये दाबलं की तो प्रोग्राम स्वतःच निघून जातो. वर्डमध्ये दाबलं तर परिच्छेदाची सजावट उतरते. ऑपरेटर कोरलमधून फोटोशॉपमध्ये नेत्याचा चेहरा उजळायला गेलेला असतो, बोटांना वाटतं अजून कोरलमध्येच आहोत, आणि फोटोशॉप निरोप घेतं. जाताना 'सेव्ह करू का' एवढं विचारतं, हा त्याचा सभ्यपणा. जुन्या मशीनवर ते पुन्हा उघडेपर्यंत कार्यकर्ता एक चहा पिऊन येतो आणि विचारतो, "भाऊचा फोटो अजून गोरा झाला नाही का?"

कंट्रोल-डी तर सर्वपक्षीय आहे. ब्राउजरमध्ये बुकमार्क, वर्डमध्ये फॉन्टची खिडकी, एक्सेलमध्ये वरच्या सेलमधलं खाली उतरवणं, फोटोशॉपमध्ये निवड सोडणं, पेजमेकरमध्ये बाहेरची फाइल आणून पानावर ठेवणं, कोरलमध्ये निवडलेल्या वस्तूची दुसरी प्रत. आणि विंडोजच्या फोल्डरात हेच दाबलं तर निवडलेली फाइल थेट कचरापेटीत. कोरलवरून आलेल्या माणसाने फोल्डरात फाइलची डुप्लिकेट मागितली तर ओरिजिनलही जाते.

हे सगळं आपोआप असं झालं असं समजू नका. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही चार नावं असायची. तिथे शिकलेल्या पिढीला आठवत असेल. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कर्सर वर न्यायला कंट्रोल-ई, खाली न्यायला कंट्रोल-एक्स, डावीकडे एस, उजवीकडे डी. कंट्रोल-वाय दाबलं की अख्खी ओळ गायब. आजच्या वर्डमध्ये कंट्रोल-वाय म्हणजे रद्द केलेलं पुन्हा करणं, म्हणजे जवळजवळ उलटा अर्थ. वर्डपरफेक्ट नावाचा दुसरा दादा होता. त्याच्यात मदत मागायची तर एफ ३, बाहेर पडायचं तर एफ ७, आणि बाकी सगळे जिथे मदत ठेवतात त्या एफ १ वर 'रद्द करा'. कुठलं बटण कशाला हे ध्यानात राहावं म्हणून एफच्या बटणांभोवती बसवायची छापील पट्टी मिळायची. लोटस उघडलं की पट्टी उचलून दुसरी बसवायची. तेव्हा निदान बिनधास्त कबुली होती की आम्ही प्रत्येकाने आपापला कायदा केलेला आहे, पट्टी पाहून घ्या.

या गोंधळावर आयबीएमने १९८७ साली एक नियमावली काढली. सगळ्या प्रोग्रामांनी एकसारखं वागावं म्हणून तिचं नावच 'कॉमन यूजर ॲक्सेस'. मदतीला एफ १ आणि खिडकी बंद करायला ऑल्ट-एफ ४ या गोष्टी रूढ झाल्या त्या तिच्यामुळे. कापायला शिफ्ट-डिलीट, नक्कल करायला कंट्रोल-इन्सर्ट, चिकटवायला शिफ्ट-इन्सर्ट हेही तिचेच नियम. यातली शेवटची तिन्ही बटणं विंडोजवर अजून चालतात. हवं तर आत्ता करून बघा. माहीत मात्र कुणालाच नाहीत, आणि याचं कारण आहे लॅरी टेस्लर.

टेस्लर हे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांनी आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा मजकूर संपादनाचा प्रोग्राम केला. कापा, नक्कल करा, चिकटवा ही आज जगाची झालेली रीत तिथे आकाराला आली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले, आणि १९८३ साली आलेल्या ॲपल लिसावर झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं या कामाला लागली. चारही शेजारी शेजारी, डाव्या हाताच्या बोटांखाली. म्हणजे उजवा हात उंदरावर ठेवून डाव्या हाताने काम उरकावं असा साधा हिशेब. एक्स म्हणजे काट, व्ही म्हणजे लिहिताना राहिलेला शब्द घुसवायची उलटी खूण, असं टेस्लर यांनीच सांगून ठेवलं आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ही बटणं उचलली आणि आयबीएमचं त्रिकूट मागे पडलं. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. जगात एवढं सार्वत्रिक मतैक्य घडवून आणलेल्या माणसाला एखादं शांततेचं पारितोषिक द्यायला हरकत नव्हती.

नियमावलीने जे जमलं नाही ते सोयीने जमवलं, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण सोयीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे, आणि तिचा किस्सा मायक्रोसॉफ्टमध्येच आयुष्य काढलेल्या रेमंड चेन यांनी लिहून ठेवला आहे.

कंट्रोल-एफ म्हणजे शोधा. वर्डमध्ये शोधा, एक्सेलमध्ये शोधा, ब्राउजरमध्ये शोधा, नोटपॅडमध्ये शोधा. मायक्रोसॉफ्टच्याच आउटलुकमध्ये मात्र कंट्रोल-एफ दाबलं तर समोरचा मेल पुढे पाठवायची तयारी होते. घरचाच माणूस, आणि घरच्याच शिस्तीबाहेर. का? तर १९९५ च्या सुमाराला आउटलुकचा पूर्वज असलेला मेलचा प्रोग्राम तयार होत होता, आणि त्यात कंट्रोल-एफ शिस्तीने 'शोधा'वरच होतं. चाचणीसाठी तो वापरणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार आली. आपण आधी जो मेल प्रोग्राम वापरत होतो त्यात या बटणाने मेल पुढे जायचा, आता बोटांना तीच सवय आहे, तेव्हा तसंच करून द्या. एरवी अशी तक्रार 'आपली सूचना मोलाची आहे' या शेऱ्यासह गाडली जाते. ही गाडली गेली नाही. तक्रारदाराचं नाव बिल गेट्स होतं.

झालं. एका माणसाच्या एका बोटाची सवय मोडू नये म्हणून तीस वर्षं उरलेल्या जगाची मोडते आहे. आउटलुकमध्ये काही शोधायला गेलेला माणूस आजही अर्धवट फॉरवर्ड उघडून बसतो.

मला या किश्शाचा राग येत नाही, उलट त्यातली तक्रार पटते. जुनी सवय मोडली की काम अडतं, हे गेट्स यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मुनीमजींचंही म्हणणं नेमकं तेच आहे. फरक इतकाच की गेट्स यांना त्रास झाला तेव्हा प्रोग्राम बदलला, आणि मुनीमजींना त्रास झाला तेव्हा सगळे म्हणाले, काका, जरा कॉम्प्युटर शिकून घ्या. बटणांची एकवाक्यता हा तांत्रिक प्रश्न आहे असं इंजिनियर मंडळी सांगतात. हा गावकीचा प्रश्न आहे. कुणाच्या बांधावरून रस्ता जायचा आणि कुणी वळसा घालायचा, तेवढाच.

आणि वळसा घालायची सवय आपल्याला जुनी आहे. आता 'केनवड' एवढा एक शब्द टाइप करून बघू. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळपाटावर के, एस, व्ही, बी आणि चौकोनी कंस अशी पाच बटणं. हा कळपाट केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आणला, १९९१ साली तो भारतीय मानक ब्युरोच्या मानकात गेला, आणि बहुतेक भारतीय भाषांना तो एकच चालतो. कल्पना उत्तम. एकदा मराठी शिकलात तर बोटं तेलुगूतही त्याच जागी क शोधतील. आता तोच शब्द कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करा. डी, एस, यू, ओ आणि शिफ्ट धरून एम. दोन्हीकडे पाच दाब, पण जुळतं ते एकच बटण, एस, म्हणजे 'के'वरची मात्रा. बाकी गाव पूर्ण वेगळं. तिसरा माणूस इंग्रजी स्पेलिंग करून गूगलकडून मराठी काढून घेतो. त्याच्या लेखी हे दोघंही जुनाट.

बरं, फाइल ज्या फॉन्टमध्ये केली तो पलीकडच्या मशीनवर नसला तर कृतिदेवमधलं केनवड तिथे रोमन लिपीतलं 'डीएसयूओएम' होऊन उतरतं. तलाठ्याच्या टेबलावरून निघालेलं गाव तहसीलच्या टेबलावर पोचेपर्यंत परदेशी होतं. युनिकोड आल्यापासून हे कमी झालं, संपलं नाही. कारण जुने नमुने, जुने अर्ज, जुनी प्रतिज्ञापत्रं कृतिदेवमध्ये पडून आहेत, आणि तयार नमुना असताना नवा कोण टाइप करतो?

पोरं इकडे टायपिंगची परीक्षा देतात. राज्य परीक्षा परिषदेची, मराठी ३० शब्द प्रतिमिनिट. रोज सकाळी क्लास, बोटं पक्की. मग नोकरी लागते अशा टेबलावर जिथे आधीच्या माणसाने दुसराच कळपाट लावून ठेवलेला आहे. ३० शब्दांचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि बोटं पुन्हा पहिलीत. शिवाय इंग्रजीतून मराठीत जायची बटणं वेगळी: विंडोजवर विंडोज-स्पेस किंवा ऑल्ट-शिफ्ट, मॅकवर कंट्रोल-स्पेस. ऑल्ट-शिफ्टला चुकून धक्का लागला की अर्ध्या वाक्यात भाषा बदलते, आणि माणूस पडद्याकडे न बघता कागदाकडे बघत टाइप करणारा असेल तर पुढचा अख्खा परिच्छेद कुठल्याच भाषेत नसतो.

यावर शहाणे लोक म्हणतात, बटणं आपली आपण बदलून घेता येतात की. येतात. वर्डमध्ये येतात, कोरलमध्ये येतात, फोटोशॉपमध्ये येतात. पण मशीन मालकाचं असतं, सकाळच्या पाळीला एक पोरगा आणि संध्याकाळी दुसरा. एकाने बदललं की दुसरा बोंबलतो. तिसऱ्या महिन्यात पहिला पोरगा रिसोडला दुसऱ्या दुकानात जातो आणि तिथली बटणं पुन्हा कंपनीची. सोय आहे, पण ती आपलं मशीन असलेल्याची आहे.

मग सगळ्यांनी एकदाच काय ते सारखं करून टाकावं का? इथे माझं मन कचरतं. फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जायचं आणि पुन्हा दाबलं की परत पुढे यायचं. खरोखर मागे मागे जायचं तर ऑल्टही सोबत दाबायचा. २०१८ च्या अखेरीस ॲडोबीने शहाणपणा केला आणि इतर प्रोग्रामांसारखं करून टाकलं. जुन्या फोटोवाल्यांची बोटं अडखळली, म्हणून सेटिंगमध्ये जुनी बटणं परत लावायची सोय ठेवावी लागली. टॅलीने २०२० साली टॅलीप्राइम आणलं तेव्हा एफ ५ ते एफ ९ पर्यंतच्या रोजच्या बटणांना हात लावला नाही, पण क्रेडिट नोटचं कंट्रोल-एफ ८ होतं ते ऑल्ट-एफ ६ झालं आणि डेबिट नोटचं कंट्रोल-एफ ९ होतं ते ऑल्ट-एफ ५. माल परत आला की मुनीमजी आधी जुनं बटण दाबतात, मग एक सुस्कारा सोडतात, मग नवं दाबतात. बोटांत मुरलेली चूकसुद्धा मालमत्ता असते, ती एका अपडेटने जप्त करू नये. टॅलीतलं कंट्रोल-ए उद्या बदलून 'सिलेक्ट ऑल' केलं तर मी मुनीमजींच्या बाजूने मोर्चात येईन.

मागणी करायचीच तर लहान करावी. मागे फिरायचं बटण सगळीकडे असावं आणि ते कंट्रोल-झेड असावं. ज्या दाबाने भरलेलं काही कायमचं जातं त्याने जाण्याआधी एकदा विचारावं. बाकी कंट्रोल-डी, कंट्रोल-क्यू आपापल्या गावात सुखाने नांदोत.

पण ज्यावर सगळ्या जगाचं आधीच एकमत झालं आहे तेवढं तरी शिल्लक ठेवा ना! एखादा ऑनलाइन फॉर्म उघडा. खातं क्रमांकाच्या रकान्यात कंट्रोल-व्ही दाबा. काही होत नाही. उंदराचं उजवं बटण दाबा, खिडकी येते: 'या पानावर हे चालणार नाही.' कारण सुरक्षा. पासवर्ड चिकटवू द्या, अडवल्याने सुरक्षा वाढत नाही, उलट कमी होते, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ सालीच जाहीर लिहून टाकलं. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही त्याच वर्षी आपल्या नियमांत पासवर्ड चिकटवायला मुभा द्यावी असं घातलं. आपल्याकडे टेस्लर यांच्या व्ही या बटणावर अजून जमावबंदी आहे.

तेव्हा शेतकऱ्याच्या पासबुकाच्या झेरॉक्सवरून अकरा आकडे बघून टाइप करायचे, आणि खात्री म्हणून खालच्या रकान्यात तेच अकरा पुन्हा टाइप करायचे. झेरॉक्सची झेरॉक्स असते, तीन आणि आठ सख्खे भाऊ दिसतात. ऑपरेटरने वर आठ वाचला तर खालीही आठच वाचतो. दोन्ही रकाने जुळतात, हिरवी खूण येते, फॉर्म मंजूर. पैसे कुठे गेले हे विचारायला शेतकरी तीन महिन्यांनी येतो तोवर पहिला पोरगा रिसोडला गेलेला असतो, आणि खुर्चीवरचा नवा पोरगा पान पुन्हा उघडून बघू म्हणून एफ ५ दाबतो.